वहीतले लेखन कानापर्यंत
(लेखांक सातवा)

प्राथमिक शाळेतल्या मुलाचे लेखन बहुधा एकच माणूस वाचतो, ते म्हणजे त्याचे शिक्षक. लाल शाईची खूण झाली की वही दप्तरात जाते. तेच लेखन मुलाने स्वतः वाचून ध्वनिमुद्रित केले, तर ते घरी आणि घरापासून लांब असलेल्या माणसांपर्यंतही पोचते.

सातारा-सांगलीत याचे मोल जास्त आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव या भागांतली कित्येक कुटुंबे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यानिमित्त देशभर पसरली आहेत. जावळी-पाटणकडची माणसे माथाडी कामासाठी मुंबईत आहेत. आपशिंगे मिलिटरीसारख्या गावांना सैन्यभरतीची जुनी परंपरा आहे. गळीत हंगामात बीडकडची ऊसतोड कुटुंबे इकडच्या कारखान्यांच्या तळांवर उतरतात. वडील परमुलखात, आजीला अक्षरओळख नाही, अशा घरात पोराची वही कोण वाचणार? दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण मात्र दोघांनाही ऐकता येते.

साधने मोजकीच लागतात. शिक्षकांचा मोबाइल आणि त्यातला व्हॉइस रेकॉर्डर पुरतो. पत्र्याच्या छपराखाली आवाज घुमतो, म्हणून खाली सतरंजी अंथरावी आणि खिडकीला जाड चादर लावावी. फोन एअरप्लेन मोडवर ठेवून तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला धरावा. अगदी समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना श्वासाचा फटका बसतो. सुरुवातीची-शेवटची खुडबुड ‘ऑडॅसिटी’सारख्या मोफत सॉफ्टवेअरने कापता येते. असंपीडित डब्ल्यूएव्ही फाइल एकाच ध्वनिमार्गाची असली तरी मिनिटाला सुमारे 5 एमबी जागा घेते. साध्या बोलण्याला पुरेशा दर्जाची एमपी3 फाइल अर्ध्या एमबीत बसते. कमी रेंजच्या गावात हा फरक महत्त्वाचा ठरतो.

खरा लाभ मात्र मुद्रणाच्या आधी आणि लगेच नंतर होतो. समजा, चौथीतल्या मुलाने लिहिले: ‘आमच्या शेतात टोळी आली मग ट्रॉली भरली मग ट्रॉली रुतली मग सगळे आले.’ वहीत हे खटकत नाही. मोठ्याने वाचताना मात्र त्याला दम लागतो आणि पूर्णविराम कुठे हवा ते कळते. मुद्रण ऐकताना शेजारचा विचारतो, ‘सगळे म्हणजे कोण?’ मग चुलते, ट्रॅक्टरवाला, जॅक घेऊन धावलेला शेजारी अशी एकेक माणसे लेखनात येतात. ही दुरुस्ती मुलाची स्वतःची असते. म्हणून पहिले मुद्रण पुसून टाकू नये. दुसऱ्याशी ताडून पाहायला ते लागतेच. माणदेशी बोलीतला शब्द किंवा जतकडच्या मुलाच्या मराठीतला कानडी हेल ही चूक धरू नये. तो हेल कागदावर कधी उतरत नाही, मुद्रणात टिकतो.

मुलांच्या मुक्त लेखनाला वर्गाबाहेर वाचक मिळवून देण्याची कल्पना जुनी आहे. फ्रान्समधले शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी 1920 च्या दशकात वर्गातच छापखाना आणला होता. या भागात आवाजाची सोयही जवळच आहे. सांगलीचे आकाशवाणी केंद्र 1963 पासून चालू आहे. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने 2008 मध्ये ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू केले, तर जत तालुक्यात जालिहाळला ‘येरळावाणी’ आहे. सामुदायिक केंद्राचा पल्ला साधारण 10 ते 15 किलोमीटरचा, म्हणजे मुलाला ओळखणारी माणसे जिथे राहतात तेवढाच. शाळांनी अशा केंद्रांकडे मुलांचे लेखन आवर्जून न्यावे.

मुलाचा आवाज हीसुद्धा त्याची ओळख आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीची तरतूद आहे. वर्गाबाहेर जाणाऱ्या मुद्रणात आडनाव, वस्ती, फोन क्रमांक येऊ देऊ नये, आणि व्हॉट्सॲपवर एकदा पसरलेली फाइल खात्रीने परत बोलावता येत नाही हे पालकांना आधी स्पष्ट सांगावे. पालकांनी किंवा खुद्द मुलाने नको म्हटले, तर ते मुद्रण वर्गाबाहेर जाता कामा नये.