‘हरकती व सूचना’ : विकासयोजना आणि लोकमताची परिभाषा

प्रादेशिक विकासाची योजना आखताना लोकांचे म्हणणे ऐकून घ्यावे, हे तत्त्व आज सर्वमान्य आहे. ते म्हणणे कोणत्या शब्दांत मागितले जाते, ह्याचा विचार मात्र क्वचितच होतो. प्रस्तुत टिपणात तो भाषाशास्त्राच्या दृष्टीने करावयाचा असून, उदाहरणादाखल धाराशिव जिल्ह्यातील येडशी हे गाव घेतले आहे.

ही निवड सहेतुक आहे. येडशी हे कुर्डुवाडी-लातूर लोहमार्गावरील स्थानक. सोलापूर-धुळे महामार्ग तेथूनच जातो. रामलिंग घाटाचे अभयारण्यही गावालगतच आहे. त्यामुळे विकासविषयक निर्णय येथे एकाच दाराने येत नाहीत. महामार्गासाठी जमीन घ्यावयाची झाल्यास १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमान्वये हितसंबंधी व्यक्तीस २१ दिवसांत हरकत घेता येते. अभयारण्याभोवतीचे संवेदनशील क्षेत्र ठरविताना केंद्र शासनाचा मसुदा ६० दिवस विचारार्थ खुला असतो. प्रादेशिक योजनेच्या मसुद्यास १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाने किमान चार महिन्यांची मुदत दिली आहे. मुदती भिन्न असल्या तरी नागरिकास बोलण्यासाठी मिळणारे शब्द दोनच : ‘हरकत’ आणि ‘सूचना’.

‘हरकत’ हा मूळचा अरबी शब्द. त्याचा अर्थ हालचाल, गती. उर्दूत तो ह्या अर्थाच्या जवळ राहिला. मराठीत मात्र गतीस होणारा अडथळा असा जवळजवळ उलट अर्थ त्यास प्राप्त झाला. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या व उर्दूत कारभार चालणाऱ्या मराठवाड्यास दोन्ही अर्थ परिचित होते. येथे महत्त्वाचे आहे ते ह्या शब्दाचे व्याकरण. हरकत नेहमी कशास तरी असते. ती स्वतंत्रपणे उभी राहू शकत नाही. म्हणजेच मसुदा आधी सिद्ध झालेला असतो आणि नागरिक त्याच्या मागून येतो, हे त्या शब्दातच गृहीत आहे.

‘सूचना’ हा शब्द दोन दिशांनी वाहतो. कार्यालयाच्या फलकावर लागते तीही सूचना आणि नागरिक करतो तीही सूचनाच. भेद क्रियापदात आहे : अधिकारी सूचना देतो, नागरिक सूचना करतो. दिलेली सूचना पाळावयाची असते. केलेली सूचना फार तर विचारात घ्यावयाची असते.

गावास जे प्रथम सांगावयाचे असते ते ह्या दोहोंत बसत नाही. ‘रस्त्याआधी पाणी हवे’ हे विधान हरकत नव्हे, सूचनाही नव्हे. ती मागणी आहे. तिचे स्थान ग्रामसभेच्या ठरावात. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिक विकासाच्या योजना तयार करण्याचे काम पंचायतींकडे सोपविता येईल अशी तरतूद केली, आणि ७४ व्या दुरुस्तीने त्या योजना एकत्रित करण्यासाठी जिल्हा नियोजन समितीची व्यवस्था केली. परंतु ठराव कारणासह होतो आणि योजनेत तो लेखाशीर्षाखालील एक ओळ होऊन राहण्याचा संभव असतो. ‘पाणी का आधी?’ ह्याचे उत्तर वाटेतच गळते.

परिभाषा कठीण असल्यामुळे लोक मूक राहतात, असे एक मत आहे. ते अपुरे होय. प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करणाऱ्या वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये व त्यांपैकी मराठवाड्याचा सुमारे ७५० कोटी रुपये ठरविला. ‘अनुशेष’ हा शब्द काही बोलीतला नव्हे. तरीही मराठवाड्याच्या सार्वजनिक बोलण्यात तो रुळला. कारण त्यासोबत मोजण्याची रीत आली : राज्याची सरासरी किती आणि आपण तिच्या किती मागे. जो शब्द वापरून वाद घालता येतो, तो कठीण असला तरी लोकांचा होतो.

ह्यातून दोन निष्कर्ष निघतात. एक, लोकांना विचारावयाचे ते मसुद्यापूर्वी, मागणीच्या भाषेत. दुसरा नोंदीविषयी. पर्यावरणीय जनसुनावणीत झालेल्या चर्चेची नोंद सभेच्या अखेरीस स्थानिक भाषेत वाचून दाखवावी, असा दंडक २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेत आहे. विकासयोजनेसही तो लागू केल्यास, आपले म्हणणे कसे लिहिले गेले हे बोलणाऱ्यास तेथल्या तेथे कळेल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एखाद्या गावाचा ठराव आणि जिल्हा योजनेतील त्याची नोंद शेजारी ठेवून अभ्यासावी. वाटेत गळालेले शब्द हाच तेथे संशोधनाचा विषय होय.