कोंबड्या, चहा आणि लाल माठ

कोकणातल्या घरात घड्याळ असते, पण खरी वेळ कळते ती चहावरून. तांबडे फुटण्याच्या सुमारास पहिला चहा, न्याहारीबरोबर दुसरा, उन्हे कलली की तिसरा आणि पाहुणा आला तर केव्हाही चौथा. पुष्कळ घरी तो कोराच असतो. परसातल्या गवती चहाची दोन पाती आणि गुळाचा खडा एवढाच त्याचा थाट. नोकरीतून मोकळा होऊन मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी राहायला आलो, तेव्हा या वेळा मला चटकन पाठ झाल्या. पण माझ्याआधीच त्या पाठ केलेली मंडळी शेजारी होती. वहिनींच्या अकरा कोंबड्या!

पडवीत कपबशी वाजली रे वाजली, की गडग्यावरून ही फौज हजर. बटराचा चुरा खाली पडेपर्यंतही धीर नाही. एक आगाऊ तलंग तर बाकावर उडी मारून बशीचीच पाहणी करते. हुसकावले, की पायरीपर्यंत जाते आणि आपण टेकलो, की पुन्हा हजर होते. त्यांच्यातही मानपान कडक. कुणी आधी खायचे, टोचायचे कुणी आणि मुकाट्याने टोचून घ्यायचे कुणी, हे कळपात ठरलेले असते. नॉर्वेच्या श्येल्डरूप-एब्बे या अभ्यासकाने १९२२ साली त्यावर शास्त्रीय निबंधच लिहिला. कचेरीत उभा जन्म काढलेल्या वाचकांना मात्र त्यात नवे काही वाटू नये.

कोंबड्याची तऱ्हा आणखी निराळी. तो सूर्य पाहून आरवतो, असे आपण समजतो. जपानमधल्या नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले, की दिवसरात्र सारखाच मंद उजेड ठेवला तरी कोंबडा आपल्या अंतरीच्या घड्याळावर वेळ साधून आरवतो. आमच्याकडे पहिल्या चहाचे आधण चढते ते त्याच घड्याळावर!

एरवी या साऱ्याची गंमत वाटते. पण गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर प्रकरण हातघाईवर आले. भातकापणी उरकली होती आणि वरच्या आळीच्या गुरुजींनी परसात लाल माठाचे आणि मुळ्याचे चार वाफे पेरले होते. ओली, भुसभुशीत माती आणि शेणखतातले किडे. कोंबडीला याहून वेगळे आमंत्रण ते काय द्यायचे? एका सकाळीत चारही वाफे उकरून सपाट! गुरुजींनी निरोप धाडला, "कोंबड्या कोंडा, नाही तर विकून टाका."

वहिनींनी दोन दिवस त्यांना डालग्याखाली झाकून ठेवले. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आल्या. "भावजी, कोंडीन मी. पण मग त्यांना घालू काय?"

सारा हिशेब या एका प्रश्नात होता. पोल्ट्रीतली संकरित कोंबडी वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते, पण विकतच्या खाद्यावर. आणि अंडी उबवणे तर ती जवळजवळ विसरलेलीच असते. गावठी कोंबडी साठ-सत्तरच अंडी देते, पण वाळवी, किडे, सांडलेले दाणे आणि खरकटे यांवर आपले पोट आपण भरते. खुडूक झाली, की एकवीस दिवस बैठक मारून पुढची पिढी उभी करते आणि घारीवर डोळा ठेवून ती वाढवते. तिचा सारा नफा तिच्या पायांत आहे. ते अडकवले, की राहतो तो निव्वळ खर्च. वहिनींच्या हाती कुणापुढे हात न पसरता खर्चता येईल असा पैसा तेवढाच. नातीच्या वह्या आणि स्वतःच्या गुडघ्याचे औषध त्यातूनच चाले.

मी दोघांनाही दुपारच्या चहाला बोलावले. पहिला कप अबोल्यातच संपला. दुसऱ्या कपाला गुरुजींनी विचारले, "कोंबड्या बारा होत्या ना?"

"बारावी मुंगसाने नेली," वहिनी म्हणाल्या. "चांगली अंड्यांवर होती."

गुरुजी काही वेळ बशीकडे पाहत राहिले. मग त्यांनीच हिशेब मांडला: वाफे चार आणि कोंबड्या अकरा, त्यांत जागचे न हलणारे कोण, तर वाफे. मग वई त्यांनाच घालावी! वहिनींच्या मुलाने चिव्याच्या कामठ्यांची छातीइतकी वई दोन दिवसांत उभी केली. रोपे वर येईपर्यंत वाफ्यांवर मासेमारीचे जुने जाळे अंथरले. खुराड्यातले खत कुजवून गुरुजींना द्यायचे, असेही ठरले. ताजे घातले तर ते रोपे जाळते, हे वहिनींनी बजावून सांगितले.

हल्ली शहरातली पुष्कळ मंडळी गावी घर बांधण्याचे बेत करतात. त्यांना एवढेच सांगणे, की गावात मोकळे फिरणारे प्रत्येक जनावर बेवारशी नसते. त्याच्यामागे कुणाचा तरी संसार असतो. बागेसाठी पैसे बाजूला काढाल, तेव्हा वईचेही धरा.

गुरुजींचा माठ दुसऱ्या पेरणीला छान तरारला. पहिली जुडी वहिनींकडे गेली. देठे कोंबड्यांनी खाल्ली.