शिंपल्यात नोंदलेले खाडीचे पाणी

विक्रोळीच्या पूर्वेला, कांदळवनापलीकडे ठाण्याची खाडी आहे. अशा खाड्यांच्या गाळात वाढणाऱ्या तिसऱ्या (एक प्रकारचे शिंपले) पाण्याची नोंद आपल्या कवचात ठेवतात. पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन त्या कवचाच्या कडेला थरावर थर चढवतात. कवच कापले की खोडातल्या वलयांसारख्या वाढीच्या रेषा दिसतात.

प्रत्येक थरात ऑक्सिजनचे हलके (ऑक्सिजन-१६) आणि जड (ऑक्सिजन-१८) अणू असतात. पाणी थंड असेल तर कवचात जड अणूंचे प्रमाण वाढते, गरम असेल तर घटते. पावसाळ्यात गोडे पाणी खाडीत उतरले तरीही ते घटते, कारण पावसाच्या पाण्यात जड ऑक्सिजन कमी असतो. म्हणून खाडीतल्या कवचावरून तापमान काढताना पाण्याचा खारेपणाही ठाऊक असावा लागतो. शिसे, बेरियम यांचे सूक्ष्म अंशही थरांत अडकतात. शिशावरून प्रदूषणाचा माग लागू शकतो.

वाढीच्या रेषा मोजून २००६ साली आइसलँडजवळ मिळालेला एक शिंपला ५०७ वर्षांचा ठरला. तिसऱ्यांचे आयुष्य मोजक्या वर्षांचे, पण त्यांच्या कवचात ऋतूंचा तपशील असतो. ठाण्याची खाडी २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. तिची प्रकृती जाणायची तर पाण्याच्या नमुन्यांबरोबर शिंपलेही तारीख आणि ठिकाण लिहून जपायला हवेत.