माळ्यावरचं सामान : दुरुस्त करायचं की भंगारात द्यायचं?

सुट्टीत घरी गेलात की एकदा माळ्यावर चढून बघा. प्रत्येक घरात तिथे एक छोटं म्युझियम असतं. आमच्या आजीचं घर या उन्हाळ्यात रिडेव्हलपमेंटसाठी रिकामं करायचं होतं. बाबा म्हणाले, सगळं भंगारात द्या. काका म्हणाले, एकही वस्तू जाणार नाही. शेवटी "तू इंजिनिअर ना, मग तूच ठरव" असं म्हणून यादी माझ्याकडे आली.

मी प्रत्येक वस्तूला चार प्रश्न विचारले. ती कशाची बनली आहे? बिघाड वरवरचा आहे की आतला? केलेलं काम नंतर परत काढता येईल का? आणि सर्वांत महत्त्वाचं, दुरुस्तीनंतर ती वापरणार कोण?

सगळ्यात सोपी केस पितळेच्या पातेल्याची. आतली कल्हई उडाली की आंबट पदार्थ कळकतात, कारण आंबटातलं अ‍ॅसिड तांब्या-पितळेवर काम करतं. उपाय तोच जुना. भांडं तापवायचं, नवसागराने ऑक्साइड काढायचं आणि कथील पसरवून कापसाने पुसायचं. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवू नये आणि तारेच्या घासणीने घासू नये. कल्हई पुन्हा पुन्हा करता येते, भांडं तेच राहतं. म्हणजे उत्तर 'हो'.

पण दुकानदार म्हणाला, "बाहेरूनही मशीनवर बफिंग करून देतो, नव्यासारखं चमकेल." इथे मी अडले. पातेल्याच्या काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलं होतं, आजीचं माहेरचं. लग्नात तिचं नाव बदललं, त्यामुळे ते जुनं नाव आता फक्त त्या पातेल्यावर उरलंय. बफिंगमध्ये धातूचा वरचा थर घासला जातो आणि नाव पुसट होतं. मग आतून कल्हई करून घेतली आणि बाहेरून चिंच लावून हलक्या हाताने धुतलं. चमक कमी आली, पण नाव राहिलं.

दुसरं, आजोबांचं चावीचं एचएमटी 'जनता'. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि २०१६ मध्ये सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. आतलं तेल सुकलं असेल तर साफसफाई आणि ऑइलिंग पुरतं. डायल मात्र रंगवून घेऊ नका. पिवळी पडलेली असली तरी ती मूळची आहे, आणि एकदा रंगवली की मागे जाता येत नाही. आता ते सेकंदाला पाच टिकटिक करतं आणि काकांच्या हातावर आहे.

तिसरा, व्हॉल्व्हचा रेडिओ. हा कधीही थेट प्लगमध्ये घालू नका! जुने कपॅसिटर सुकलेले असतात, आत दोनशेच्या वर व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही चार्ज राहू शकतो. जाणकाराकडून कपॅसिटर बदलून घेता येतात, पण चौथा प्रश्न विचारा. ज्या स्टेशनांसाठी तो घेतला होता, त्यातली कितीतरी गेली. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारणही २०२० मध्ये थांबलं. आजी म्हणाली, "वाजला नाही तरी चालेल गं, दिसला पाहिजे." म्हणून धूळ पुसली, वायर काढून टाकली आणि शोकेसमध्ये ठेवला. न दुरुस्त करणं हाही एक निर्णय असतो!

चौथं, प्लायवूडचं कपाट. सागवान असतं तर रंधा मारून, पॉलिश करून उभं राहिलं असतं. पण प्लायवूडला ओल लागली की गोंद सुटतो आणि थर फुगून वेगळे होतात. ते काही परत जुळत नाहीत. कपाट गेलं. काका दोन दिवस बोलले नाहीत. मग त्याची पितळी कडी काढून त्यांना दिली, तेव्हा कुठे राग शांत झाला.

शेवटी एक टिप. काहीही करायच्या आधी वस्तूचा फोटो काढा आणि ती कोणाची, कधीची, हे आजी-आजोबांना विचारून लिहून ठेवा. कल्हई पुढच्या वर्षीही करता येईल. ही माहिती मात्र त्यांच्याशिवाय कोणाकडेच नसते.