आश्विनातील दिनविशेष आणि वैद्यवर्गाचे कर्तव्य

आश्विन हा आपल्याकडे सणांचा महिना. घटस्थापना, विजयादशमी, कोजागरी, वसुबारस, धनत्रयोदशी, नरकचतुर्दशी व लक्ष्मीपूजन ही सारी मालिका या एकाच मासात येते. जगाच्या दिनदर्शिकेतही हाच काळ आरोग्यविषयक दिनांनी भरलेला आहे. १ ऑक्टोबर हा ज्येष्ठ नागरिकांचा, १० ऑक्टोबर मानसिक आरोग्याचा, दुसरा गुरुवार दृष्टीचा, १५ ऑक्टोबर हात धुण्याचा आणि ग्रामीण महिलांचा, १६ ऑक्टोबर अन्नाचा, २१ ऑक्टोबर आयोडीन न्यूनतेचा, तर २९ ऑक्टोबर पक्षाघाताचा दिन म्हणून पाळला जातो. शिवाय संपूर्ण ऑक्टोबर स्तनाच्या कर्करोगाविषयी जागृतीचा महिना मानतात. एवढ्या दिनांच्या गर्दीत वैद्याने काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम आपल्या स्वतःच्या दिनाविषयी. २०१६ पासून धन्वंतरी जयंतीस, म्हणजे धनत्रयोदशीस, आयुर्वेद दिन साजरा होऊ लागला. पहिला दिन २८ ऑक्टोबर २०१६ रोजी मधुमेह हा विषय घेऊन झाला. तिथी चांद्रमासाची असल्याने इंग्रजी तारीख दरवर्षी बदलत असे. २०१७ साली ती १७ ऑक्टोबरला आली, तर २०२० साली अधिक आश्विन असल्याने १३ नोव्हेंबरला गेली. पुढे केंद्र शासनाने २३ सप्टेंबर ही तारीख कायम केली आणि २०२५ चा दिन त्या तारखेस झाला. दिवस व रात्र जवळजवळ समान असण्याचा हा काळ होय.

या बदलाने काही वैद्यबंधूंच्या मनाला रुखरुख लागली, हे आम्ही जाणतो. परंतु घोटीसारख्या गावी वावरणाऱ्यास दोन्ही दिवसांची सोय निराळी दिसते. धनत्रयोदशीच्या सुमारास इगतपुरी तालुक्यात हळव्या भाताची कापणी चालू असते, गरवे भात मागून येते आणि बाजारपेठ दिवाळीच्या खरेदीत गुंतलेली असते. त्या दिवशी शिबिरास येण्यास फुरसत कोणाला? २३ सप्टेंबरला मात्र पाऊस ओसरू लागलेला असतो, भात निसवणीत असते, हाताला थोडी उसंत असते. म्हणून तिथीस पूजन करावे, कडुनिंबाची पाने व साखर हा प्रसाद वाटावा. आणि तारखेस लोकांत जावे. दोहोंत विरोध नाही.

आता ऋतूचा विचार. वर्षा ऋतूत संचित झालेले पित्त शरदाच्या उन्हाने प्रकुपित होते. तिक्त घृत, विरेचन, रक्तमोक्षण हे या ऋतूचे उपक्रम. जुने साळीचे तांदूळ, मूग, पडवळ, आवळा हे पथ्यकर. दही, क्षार, तेलकट पदार्थ व दिवसा झोप ही वर्ज्य. नेमक्या याच दिवसांत तळलेला फराळ घरोघरी होतो आणि कापणीनंतर नवा तांदूळ पानात येतो. नवे धान्य गुरू व कफकर असते, हे भाताच्याच बाजारपेठेत सांगण्यासाठी १६ ऑक्टोबरच्या अन्नदिनाहून चांगला मुहूर्त कोणता? प्रमेही रुग्णास नव्या तांदळाचा मोह आवरण्यास सांगावे. मात्र जुना किंवा भाजलेला तांदूळ घेतला म्हणजे प्रमाणाचे बंधन सुटले, असा त्याचा समज होऊ देऊ नये.

२१ ऑक्टोबरचा दिन आपणास अधिक अवघड प्रश्न विचारतो. सैंधव हे लवणवर्गात श्रेष्ठ, म्हणून अनेक वैद्य रोजच्या जेवणातही तेच वापरण्याचा सल्ला देतात आणि औषधी दुकानांतून त्याच्या पुड्या हातोहात खपतात. परंतु साध्या सैंधवातून शरीरास पुरेसे आयोडीन मिळत नाही. गर्भिणीस आयोडीन कमी पडल्यास गर्भाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. याच कारणाने २००६ पासून देशभर खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास मनाई करण्यात आली. औषधनिर्मितीसाठी लागणाऱ्या मिठास सूट आहे. तेव्हा कल्पात व अनुपानात सैंधव अवश्य वापरावे. घरच्या स्वयंपाकात, विशेषतः गर्भिणी, सूतिका व बालके असलेल्या घरात, आयोडीनयुक्त मीठच असू द्यावे. हे सांगितल्याने शास्त्राचा मान कमी होत नाही आणि दुकानदाराचे नुकसानही फारसे होत नाही.

तसेच दृष्टिदिनी मोतीबिंदू आढळल्यास रुग्णास शस्त्रक्रियेसाठी पाठवावे. एकाएकी तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, वाचा अडखळली, तर तेल चोळण्यात वेळ न दवडता त्यास महामार्गाने थेट नाशिकच्या सुसज्ज रुग्णालयात धाडावे. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. पुढील काळात पंचकर्माचा विचार करण्यास आपण आहोतच. भातलावणी व कापणी करणाऱ्या स्त्रिया संकोचाने जे इतरत्र बोलत नाहीत, ते वैद्यभगिनींजवळ बोलतात. स्तनात गाठ असल्याचे कोणी सांगितले, तर लेप देऊन वाट पाहू नये, तपासणीस पाठवावे.

औषधी दुकानदार बंधूंना एक विनंती. दिवाळीत उटणे, अभ्यंग तेल व च्यवनप्राश यांची विक्री वाढते आणि ते योग्यच आहे. मात्र दिनविशेषाच्या फलकावर मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू किंवा गलगंड समूळ बरा करण्याचे आश्वासन असू नये. औषधे व जादुई उपचार कायदा, १९५४ अन्वये अशा जाहिरातींस बंदी आहे; आणि कायदा नसता तरी अशा एका फलकाने गेलेला विश्वास दहा शिबिरांनी परत येत नाही.

आमची सूचना एवढीच की, प्रत्येक शाखेने सर्व दिन पाळण्याचा हव्यास सोडून आपल्या गावाच्या गरजेचे तीन दिवस निवडावेत. घोटी परिसरापुरते आम्ही आयुर्वेद दिन, अन्नदिन व आयोडीन न्यूनता दिन सुचवितो. त्या दिवशी तपासलेल्या रुग्णांची नोंद ठेवावी, पुढे पाठविलेले किती जण प्रत्यक्ष पोहोचले याचा महिन्याने शोध घ्यावा आणि ते आकडे शाखेच्या बैठकीत मांडावेत. धन्वंतरीच्या हाती अमृतकलश आहे. तो रुग्णाच्या दारापर्यंत नेण्याचे काम मात्र आपले आहे.