सहापट ताकदीचा पूल

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी देशातून आलेल्या पाहुण्यांना एकदा तरी न्यू यॉर्क दाखवले असेल. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, एम्पायर स्टेट बिल्डिंग, टाइम्स स्क्वेअर हा ठरलेला क्रम. मीही बाबांना तसेच फिरवले. पण सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून नोकरी केलेले बाबा खरे रमले ते ब्रुकलिन ब्रिजवर. पुलाच्या मध्यावर थांबून, जाडजूड केबलकडे बघत त्यांनी विचारले, “अरे, याचा फॅक्टर ऑफ सेफ्टी किती धरला होता?”

इंजिनिअरिंगची डॉक्टरेट गाठीशी असूनही मला उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर वाचून काढले. तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

मॅनहॅटन आणि ब्रुकलिन यांच्या मधल्या प्रवाहाला ईस्ट रिव्हर म्हणतात. खरे तर ती समुद्राची अरुंद पट्टी आहे. तिच्यावरचा हा झुलता पूल २४ मे १८८३ रोजी खुला झाला. दोन दगडी मनोऱ्यांमधले अंतर सुमारे १५९५ फूट, म्हणजे तोवरच्या कोणत्याही झुलत्या पुलापेक्षा जास्त. मनोऱ्यांवरून चार मुख्य केबल्स जातात. प्रत्येक केबल पावणेसोळा इंच जाडीची, आणि तिच्यात पाच हजारांहून अधिक पोलादी तारा. शिवाय मनोऱ्यांपासून तिरप्या उतरणाऱ्या तारा आहेत, त्याही भार उचलतात. मुख्य केबल्स नसत्या, तर पूल मध्यभागी खचेल पण कोसळणार नाही, असा मूळ आराखडाकार जॉन रोबलिंग यांचा हिशेब होता.

जॉन यांना पूल बघायला मिळाला नाही. १८६९ मध्ये जागेची पाहणी करताना बोटीच्या धडकेत पाय चिरडला आणि धनुर्वाताने ते गेले. काम मुलाकडे, वॉशिंग्टन रोबलिंगकडे आले. पाया घालण्यासाठी लाकडाची प्रचंड पेटी पालथी घालून नदीच्या तळाशी बसवत, आत दाबाने हवा भरून पाणी बाहेर ठेवत, आणि मजूर आत उतरून तळ खोदत. वर येताना दाब एकदम कमी झाला की रक्तात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होतात आणि माणूस लुळा पडतो, प्रसंगी मरतो. त्या काळी हे कारण बांधकामावर कोणाला ठाऊक नव्हते. मॅनहॅटनच्या बाजूला मजूर दगावू लागले, तेव्हा खडकापर्यंत न जाता ७८ फुटांवर, घट्ट वाळूवरच थांबायचे वॉशिंग्टन यांनी ठरवले. तो मनोरा आजही वाळूवरच उभा आहे. १८७२ मध्ये स्वतः वॉशिंग्टन याच दुखण्याने खिळले. पुढची अकरा वर्षे त्यांच्या सूचना कामावर पोचवल्या त्यांच्या पत्नी एमिली यांनी, आणि त्यासाठी गणित व बांधकामाचे शास्त्र त्या शिकल्या.

आता बाबांचा प्रश्न. केबल प्रत्यक्ष भाराच्या सहापट ताकदीची धरली होती. १८७८ मध्ये उघडकीस आले, की तारेचा कंत्राटदार तपासणीत पास झालेली तार वाटेत बदलून नापास झालेली तार पाठवतो आहे. ती बरीचशी केबलमध्ये गुंफली गेली होती, उसवणे शक्य नव्हते. वॉशिंग्टन यांनी हिशेब केला: सहापटीतली थोडी ताकद गेली, तरी उरलेली पुरेशी आहे. प्रत्येक केबलमध्ये सुमारे १५० जादा तारा कंत्राटदाराच्या खर्चाने घालायला लावून काम पुढे नेले. ती खोटी तार आजही तिथेच आहे. घोडागाड्यांच्या काळातल्या या पुलावरून आज मोटारी धावतात.

हे फोनवर सांगितले तेव्हा बाबा हसले. “अरे, सिमेंटमध्ये वाळू जास्त जाणार हे धरूनच आम्ही एस्टिमेट करायचो.” मला मात्र माझा एक प्रसंग आठवला. तारीख गाठण्यासाठी मी चाचणीचे दोन आठवडे कापले होते, आणि पहिल्याच सोमवारी गर्दी अपेक्षेच्या दुप्पट झाल्यावर सगळी यंत्रणा बसली. जी जादा जागा मी वाया गेलेली समजलो होतो, ती आपल्याला न कळलेल्या गोष्टींसाठी असते, हे मला त्या रात्री कळले. रोबलिंग पितापुत्रांना ते आधीच ठाऊक होते.

पुढच्या वेळी पाहुणे आले की त्यांना जरूर न्या. सबवेने हाय स्ट्रीट स्टेशनला उतरून ब्रुकलिनकडून मॅनहॅटनकडे चाला, म्हणजे उंच इमारती समोर राहतात. सायकलींना २०२१ पासून वेगळी वाट झाल्याने वयस्कर मंडळींना आता निर्धास्त चालता येते. अंतर मैलाहून थोडे जास्त आहे. वारा फार, तेव्हा स्वेटर घ्या. मध्यावर थांबून केबलवर हात मात्र ठेवून बघा.