अतितीव्र बिअर आणि कडूगोडाचा हिशेब

अन्नसुरक्षेचे भारतीय नियम बिअर या जिनसाच्या दोनच प्रती मानतात. मद्यार्क पाच टक्क्यांपर्यंत असला तर ती साधी आणि त्यापुढे आठ टक्क्यांपर्यंत असला तर ती तीव्र; आठाच्या पलीकडेही बिअर संभवते, ही कल्पना आपल्या अबकारी व्यवहाराला परकीच आहे. खानदेशातील पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी परवानाधारक दुकानाच्या फळीवर जी 'स्ट्राँग' बाटली मांडलेली असते, ती याच मर्यादेच्या आतली. परंतु अमेरिकेतील डेलावेअर राज्यात सॅम कॅलाजोनी यांनी १९९५ साली स्थापन केलेल्या डॉगफिश हेड या ब्रुअरीत २००३ पासून '१२० मिनिट आयपीए' नावाची जी बिअर सिद्ध होत आली आहे, तिच्यातील मद्यार्काचे प्रमाण पंधरा ते वीस टक्के, म्हणजे द्राक्षांच्या वाइनलाही मागे टाकणारे, असून ती एकाच वेळी अतिशय गोड आणि अतिशय कडू असते. परदेशस्थ आप्तांच्या सामानातून आलेली तिची एक छोटी बाटली आम्ही चौघांनी वाटून चाखली. त्या चाखण्यातून जे प्रश्न उद्भवले, त्यांची उत्तरे रसायनशास्त्राने आणि शरीरविज्ञानाने फार सुंदर रीतीने दिलेली आहेत, आणि त्यांतील काहींचा धागा थेट आपल्या खानदेशापर्यंत येऊन पोचतो.

पेल्यात ओतल्यावर प्रथम लक्ष जाते ते फेसाकडे. गडद केशरी द्रवावर तो जेमतेम बोटभर चढतो आणि पाहता पाहता विरतो, कारण जवातील प्रथिनांनी बुडबुड्यांभोवती विणलेले पटल इतक्या मद्यार्कापुढे टिकाव धरीत नाही. पेला किंचित कलता करून पुन्हा सरळ धरला की आतल्या काचेवरून द्रवाचे ओघळ सावकाश उतरू लागतात. काचेला चिकटलेल्या पातळ थरातून मद्यार्क आधी उडून जातो, मागे उरलेल्या पाणीदार थराचा पृष्ठताण वाढतो, तो खालचा द्रव वर ओढून घेतो, आणि साचलेला भार न पेलवून तो अखेर थेंबाथेंबाने खाली घसरतो. इटालियन शास्त्रज्ञ मारांगोनी यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. नाक जवळ नेले की संत्र्याची साल, चिडाची राळ आणि त्यांच्या मागे, अगदी नि:संशय, पिकलेले केळे. पहिल्या घोटात जीभ दाट गोडीत बुडते. गोडी ओसरू लागण्यापूर्वीच कडवटपणा वर येतो. गिळताना घशात ऊब पसरते, आणि सर्व निवल्यावरही कडवटपणा मात्र बराच वेळ मुक्काम ठोकून राहतो.

ही गोडी कोठून आली? जव भिजवून, मोड आणून, वाळवून भरडला आणि साठ ते सत्तर अंश तापमानाच्या पाण्यात ठेवला, की मोड येताना सिद्ध झालेली विकरे त्यातील पिष्टाचे तुकडे करू लागतात. त्यांतून माल्टोजसारख्या साध्या शर्करा निघतात, तशाच डेक्स्ट्रिन या नावाच्या लांबट साखळ्याही निघतात, ज्या नेहमीच्या यीस्टला पचत नाहीत. साध्या बिअरमध्ये यीस्ट पचण्याजोगी साखर जवळजवळ संपवून टाकते. अतितीव्र बिअरसाठी मात्र आरंभीचा अर्क इतका दाट करावा लागतो, की परासरणाच्या दाबाने यीस्टच्या पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते, आणि पुढे तिने स्वत:च निर्माण केलेला मद्यार्क तिच्या पेशीपटलाला सैल करू लागतो. म्हणूनच जाणते ब्रुअर सगळी साखर आरंभीच ओतीत नाहीत. आंबवण चालू असताना ती हप्त्याहप्त्याने देतात. तरीही एक मुक्काम असा येतो, की साखर शिल्लक आहे, पण ती खाणाऱ्या पेशी निपचित पडलेल्या आहेत. यीस्टने अर्ध्यावर सोडलेल्या कामाची शिल्लक बाकी म्हणजेच या बिअरची गोडी, आणि तिची तीव्रता व तिची गोडी ही एकाच कारणाची दोन कार्ये होत, हे एकदा उमगले की तो विलक्षण स्वाद लहरीपणाचा वाटेनासा होतो.

या बाकीची फेड हॉप करतो. भांगेच्या कुळातील ही वेल असून तिच्या मादी फुलांच्या शंकूंत पिवळी, राळयुक्त भुकटी साठते. वेलीला उन्हाळ्यात दीर्घ दिवस लागतात. पाचोऱ्याचा अक्षांश विसाच्या किंचित पुढे असल्यामुळे आपला सर्वांत मोठा दिवसही साडेतेरा तासांच्या आतच आटोपतो, म्हणून ही वेल बव्हेरियात, बोहेमियात, अमेरिकेतील याकिमा खोऱ्यात, आणि आपल्या देशात हिमाचलातील लाहौलमध्ये रमते, खानदेशात नाही. हॉपमधील ह्यूम्युलोन नावाचे आम्ल पाण्यात फारसे विरघळत नाही. अर्काबरोबर ते उकळत ठेवले की त्याच्या रेणूची घडण बदलते, आणि त्याचे जे नवे रूप सिद्ध होते ते अधिक विद्राव्य व पुष्कळच अधिक कडू असते. अडचण अशी की ज्या उकळीने कडवटपणा येतो तीच उकळी हॉपची सुगंधी तेले उडवून लावते, त्यामुळे कडवटपणासाठी हॉप आरंभी आणि सुवासासाठी अखेरीस घालण्याची वहिवाट पडली. दूरचित्रवाणीवर एक बल्लव सूपमध्ये मिरपूड चिमटीचिमटीने सतत घालीत असलेला पाहून कॅलाजोनींना सुचले, की हॉपही उकळीच्या आरंभापासून अखेरपर्यंत अखंड घालीत राहावा. ही दोन तासांची संततधार म्हणजेच नावातील १२० मिनिटे. कडवटपणाच्या मापात एक अंश म्हणजे लिटरमागे स्थूलमानाने एक मिलिग्रॅम कटुद्रव्य. फिकट लागर बिअरमध्ये हे माप दहा-पंधराच्या घरात असते. या बिअरचे माप ब्रुअरी १२० सांगते.

मग ती घोटभरही प्यावीशी का वाटते? गोड आणि कडू एकत्र आले की दोन्ही संवेदना एकमेकींना दबवतात, आणि हा दबाव केवळ जिभेवर नव्हे तर मेंदूतही पडतो. चिंचगूळ घालून कारल्याची भाजी करणाऱ्या आपल्या गृहिणी हेच शास्त्र पिढ्यानपिढ्या आचरीत आलेल्या आहेत: गुळाने कारल्यातील कडू द्रव्याचा एक कणही कमी होत नाही, कमी होते ती त्याची जाणीव. माणसाला कडवट ओळखणारी सुमारे पंचवीस प्रकारची ग्राहके आहेत, आणि हॉपची द्रव्ये त्यांपैकी तीन जागी करतात असे प्रयोगांत दिसून आले आहे. गोडीची साखर लाळेबरोबर लवकर वाहून जाते, हॉपची द्रव्ये मागे रेंगाळतात. शेवटचा शब्द कडवटपणाचाच असतो तो यामुळे.

पण आमच्यापैकी प्रत्येकाने न सांगता ओळखला तो सुवास केळ्याचा. हा भास नव्हे. आयसोअमाइल अॅसिटेट हे एस्टर पिकत्या केळ्यात तयार होते, आणि आंबवणाऱ्या यीस्टच्या पेशीतही तेच तयार होते. रेणू एकच, घडवणारे कारखाने दोन. ल्यूसिन या अमिनो आम्लापासून यीस्ट एक मद्यार्क बनवते, त्याला अॅसिटिक आम्लाचा तुकडा जोडते, आणि लिटरमागे एक-दीड मिलिग्रॅम एवढ्या अल्प प्रमाणातही आपले नाक त्याची दखल घेते. दाट अर्कात, ताणाखाली काम करणाऱ्या यीस्टकडून अशी एस्टरे अधिक निपजतात. बव्हेरियातील गव्हाच्या बिअरमध्ये हा वास मुद्दाम जोपासतात. खानदेशातील ज्या जिल्ह्यातल्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि ज्याच्या रावेर, सावदा, यावल या पट्ट्यात केळी हे घराघराचे अर्थकारण आहे, तेथील माणसाला हा वास हुडकावा लागत नाही. मधमाशी नांगी मारते तेव्हा साथीदारांना सावध करण्यासाठी जो गंध सोडते, त्यातील प्रमुख द्रव्यही हेच आहे. म्हणून मधपेट्यांजवळ केळे खाऊ नये असे जाणकार सांगतात.

घशातील ऊब हा प्रकार निराळा. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये मिरचीच्या तिखटपणाचे ग्राहक शोधून काढले, ज्यासाठी त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हे ग्राहक मुळात सुमारे बेचाळीस अंशांपुढील उष्णतेची वर्दी देण्यासाठी आहे. मद्यार्क त्याचा उंबरठा चौतीस अंशांच्या आसपास खाली आणतो, आणि तोंडाचे स्वत:चे तापमान याहून अधिक असल्यामुळे मेंदूला चटका बसल्याची खबर जाते. ठेच्याचा आणि या बिअरचा निरोप एकाच दरवाजाने आत शिरतो.

'आयपीए' या अक्षरांतील आय म्हणजे इंडिया. लंडनच्या बो भागातील जॉर्ज हॉजसन यांच्या ब्रुअरीची बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून मुंबई-कोलकात्याला येई. या प्रवासासाठी ती फार तीव्र करीत, ही समजूत खरी नाही. तिचा मद्यार्क त्या काळच्या इतर बिअरसारखाच होता, आणि तिला राखले ते पेय आंबट करणाऱ्या जिवाणूंना आवर घालणाऱ्या हॉपने. तो हॉप आपल्या बाजारातील तीव्र बिअरमध्ये फार थोडा असतो, त्यामुळे गोडी एकटी पडते आणि मद्यार्क उघडा जाणवतो. पुण्यात २००९ साली 'डूलाली' सुरू झाली तेव्हापासून महाराष्ट्रात लहान ब्रुअरींनी हॉपची ओळख पुन्हा करून दिली, हे त्यांचे श्रेय मी मानतो.

आता हिशेब. बाटली ३५५ मिलिलिटरची. मद्यार्क मध्यम धरून १८ टक्के मानला तर तिच्यात सुमारे ६४ मिलिलिटर, म्हणजे ५० ग्रॅम शुद्ध मद्यार्क भरतो. आपल्याकडील ६५० मिलिलिटरच्या मोठ्या बाटलीत आठ टक्क्यांनी तो सुमारे ४१ ग्रॅम होतो. आकाराने जवळजवळ निम्मी असलेली बाटली मोठीवर मात करते, आणि तिची गोडी हे जिभेला कळू देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्ययुक्त पेयांना कर्करोगकारकांच्या पहिल्या वर्गात बसवलेले आहे, आणि ज्या मुलुखात दारूने घरे बुडालेली आपण डोळ्यांनी पाहतो तेथे ही गोष्ट दडवणे मला अनुचित वाटते. ही बिअर रसायनाच्या दृष्टीने विलक्षण आहे, आणि कौतुकास पात्र आहे; पण ज्याचे वय व परवाना कायद्यात बसतो अशा वाचकाच्या हाती ती कधी आलीच, तर तिचे चार वाटे करावेत आणि आपल्या वाट्याचा एवढासा पेला घेऊन थांबावे.